पुडक्याचं शेपूट

आमचे घरमालक कुणाच्याही घरी चहाला गेले की कप तोंडाला लावण्याआधी विचारायचे, साखर कुटनं आली? समोरचा म्हणायचा, पौडच्या दुकानातनं. ते झालं, पण पौडपासून इथवर कुणाच्या हातनं? मग त्या बिचाऱ्याला आठवत बसावं लागायचं. दुकानातून मेव्हण्यानं घेतली, मेव्हण्यानं एसटीत शेजारणीच्या पिशवीत टाकली, शेजारणीनं फाट्यावर उतरून चुलतभावाच्या खांद्यावर दिली. एवढी साखळी जुळली की मामा मान डोलवायचे, ‘पोचलं’ म्हणायचे आणि मग कप उचलायचे. तोवर चहावर साय धरलेली असायची. ती बोटानं काढून बशीच्या कडेला लावायचे आणि वर कुरकुरायचे, की ह्या घरात चहा कायम गार मिळतो.

सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा. चिडली की त्यांची बायकोसुद्धा मामाच म्हणायची, आणि ती दिवसातून बऱ्याचदा चिडायची.

ऐंशीच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मुळशी धरणाच्या अंगाला, पौडच्या पुढं, रस्ता सोडून आत असलेल्या गावात मला शाळेवर नेमणूक मिळाली. मी खडकीची. नळाच्या पाण्यावर वाढलेली आणि जिभेनं तिखट. मामांच्या घराची रस्त्याकडची खोली मला मिळाली. मागल्या बाजूला त्यांची शेरडं-मेंढरं. खोली देताना त्यांनी मला जात विचारली नाही, की लग्न कधी करणार तेही नाही. एवढंच विचारलं, की खडकीपासून इथवर कशा कशा आलात? म्हटलं, एसटीनं. तर म्हणाले, एसटीनं समदीच येत्यात, शेजारी कोन बसलं हुतं? मला वाटलं, गडी आगाऊ आहे. तसा तो होताच, पण मला वाटला त्या अर्थानं नव्हे.

दिसायला उंच, वाळके. मिशा भरगच्च आणि भुवया मात्र नावाला. शेरडांशी बोलायचे ते ग्रामसभेत बोलल्यासारखे, प्रत्येकीचं मत घेऊन. चूक मान्य करणं त्यांच्या घराण्यातच नव्हतं. आणि एक गोष्ट त्यांना मुळीच सोसायची नाही: एखादी वस्तू निघाली आणि कुठं गेली ते कळलं नाही.

आता तेव्हा पोस्ट होतं, नाही असं नाही. पण लोणचं, बाळंतिणीचे लाडू, औषधाची बाटली, कुणाच्या लेकाचा डबा, हे काही पोस्टानं जाणारं सामान नव्हे. ते हातोहात जायचं. दूधवाला सायकलवरून पौडला न्यायचा. तिथं कंडक्टरकडे द्यायचा. कंडक्टर पिरंगुटच्या फाट्यावर चहाच्या टपरीवर टाकायचा. तिथून घोटावड्याकडे फिरणारा कासार बांगड्यांच्या पेटाऱ्याबरोबर न्यायचा. कुणी त्याबद्दल काही मागत नसे आणि कुणी जबाबदारही नसे. एखादं लोणचं वाटेतच संपायचं. मामांना लोणचं संपल्याचं दुःख नव्हतं, ते कुठं संपलं हे कळत नाही याचं होतं.

म्हणून त्यांनी शेपूट काढलं. प्रत्येक पुडक्याला हातभर सुतळी लोंबती ठेवायची. पाठवणाऱ्यानं तिला आपली खूण बांधायची आणि वाटेत ज्याच्या ज्याच्या हातात पुडकं पडेल त्यानं आपापल्या धंद्यातलं काहीतरी तिला गाठ मारून लावायचं. मामांची खूण लोकरीचा पीळ. दूधवाल्याची वैरणीची काडी. कंडक्टर तिकिटाचा तुकडा ओवायचा. टपरीवरून चहा गाळायच्या फडक्याची चिंधी यायची. कासार ज्यात बांगड्या ओवतात तो लाल दोरा बांधायचा. पुडकं पोचलं की घेणाऱ्यानं ते सोडून घ्यायचं, शेपटाला आपली खूण लावायची आणि नुसतं शेपूट आल्या वाटेनं परत धाडायचं. ते घरी आलं की मामा ओट्यावर मांडी घालून एकेक गाठ चाचपत वाचायचे आणि सगळे हात ओळखू आले की म्हणायचे, ‘पोचलं.’ त्याआधी नाही. लाडू खाल्लेला माणूस समोर ढेकर देत उभा असला तरी नाही.

मी एकदा विचारलं, मामा, हे कुठून सुचलं तुम्हाला? तर म्हणाले, शेरडू हरवलं तर धनी घरात बसून रडत नाही. जिथं शेवटचं दिसलं तिथनं पुढं एकेका दारात विचारत जातो. आणि लोकांनी हे ऐकलं का, तर मामांशी हुज्जत घालण्यापेक्षा गाठ मारणं सोपं होतं. हळूहळू त्या वाटेवरच्या माणसांना चटकच लागली. शेपूट नसलेलं पुडकं दिलं तर कंडक्टर म्हणायचा, बोडकं कसं नेऊ?

वाचनात मामा दणकून चुकायचेही. माझ्या आईनं खडकीहून चिवडा पाठवला, त्याची गाठ चाचपून त्यांनी जाहीर केलं की गाठ सैल आहे, त्या अर्थी आईला बरं नाही. मी रजा टाकून खडकी गाठली. आई मजेत खोबरं किसत बसली होती. तिचे हात तेलकट होते म्हणून गाठ वडिलांनी मारली होती, आणि वडिलांना बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नसे. परत येऊन मी फणफणत हे सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, मग बापाची गाठ हाय असं सांगायला नको व्हतं का त्यांनी?

बातमीलाही तोच न्याय. एकदा गावात उठलं, की वाघरू आलंय, माळावर दिसलं. लोक काठ्या घेऊन निघाले. मामा निघाले, पण माळाकडं नाही. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी? असं विचारत एका वाडीवरून दुसरीवर, खाली ओढ्यापर्यंत, पुन्हा वर देवळापाशी, असे ते दिवसभर हिंडले. दिवेलागणीला ती बातमी ज्या तोंडातून निघाली त्या तोंडासमोर येऊन उभे राहिले. ते तोंड मामींचं होतं. नातू जेवत नव्हता म्हणून सकाळी त्या त्याला म्हणाल्या होत्या, गप खा, वाघरू आलंय. भिंतीपलीकडून शेजारणीनं ऐकलं. मामी तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, ‘दिसभर हिंडण्यापरीस आदी घरात इचारलं असतं तर?’ त्यावर मामांनी हातपाय धुतले आणि ‘पोचलं’ म्हणून जेवायला बसले.

आता माझ्यावर येते.

गणपतीतल्या रविवारी नेऱ्याहून मला बघायला पाहुणे आले. मला रजा नव्हती म्हणून माझे आईवडील खडकीहून इकडंच आले आणि पोहे मामींच्या चुलीवर झाले. मुलगा माझ्यासारखाच शाळामास्तर. बरोबर काका-काकू. वडील लहानपणीच गेलेले. माझ्या आईनं विचारलं, विहीणबाई नाही आल्या? काका म्हणाले, ‘ती नाही येत असल्या कामाला.’ आणि पोह्यावर लिंबू पिळायला लागले.

मुलाला प्रश्न विचारले ते मामांनी. म्हणजे एकच विचारला, की नेऱ्यापासून इथवर कसे कसे आलात. मी मान खाली घातली. हा आता हसणार, आणि हसला की मला आवडणार नाही, असं मनात आलं. तो हसला नाही. त्यानं सगळं नीट सांगितलं. घोटावड्यापर्यंत विटांच्या ट्रकमधून. तिथं काकूंच्या चपलेचा अंगठा तुटला तो शिवून घेतला. शिवणारा पिरंगुटचा जावई निघाला, त्यानं फाट्यापर्यंत बैलगाडी जुळवून दिली. पुढं एसटी, कंडक्टर ओळखीचा. मामांनी माझ्याकडं बघून भुवई, होती तेवढी, वर केली. खोटं कशाला बोलू, माझं त्याच वेळी ठरलं.

निघताना काका म्हणाले, ‘आमचा होकार आहे. तुम्ही विचार करा. दसऱ्यापर्यंत तुमचा नारळ आला तर आमचं सोनं. नाही आला तर समजून जाऊ, राग धरणार नाही. मारुंजीचं एक स्थळ थांबलंय, त्यांना दसऱ्याला काहीतरी सांगावं लागेल.’ आणि माझे वडील एसटीत चढता चढता मला म्हणाले, संसार तुला करायचाय, नारळ तूच पाठव.

पाहुणे वळणाआड जायच्या आत मी मनातल्या मनात नारळ पाठवलासुद्धा होता. पण लगेच कसा पाठवायचा? म्हणतील, पोरगी टपूनच बसली होती. म्हणून मी मोठ्या विचारात पडल्याचं सोंग आणलं, आणि पितृपक्ष लागायच्या आत नारळ बांधायला घेतला. नारळ, साखरेची पुडी, वर हिरवा खण, त्यावर मामींनी हळदकुंकू वाहिलं. मामांनी लोकरीचा पीळ बांधला. माझी खूण म्हणून मी निळ्या शाईत बुडवलेला दोरा बांधला. दूधवाल्याची सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी ओट्यावर उभी होते. मामी म्हणाल्या, ‘आत या आता, तुमी बगून त्याची चाकं काय बिगी फिरायची न्हाईत.’

पक्ष पंधरवडाभर चालला. त्या दिवसांत कुणी शुभ निरोप धाडत नाही, म्हणून शेपूट न आल्याची कुणाला काळजी वाटली नाही. पण घट बसले, माळा चढायला लागल्या, तरी शेपूट नाही. माझं चित्त थाऱ्यावर राहिना. पोरं पाढे चुकत होती आणि मी हूं हूं म्हणत होते. नारळ पोचला असेल आणि त्यांनीच शेपूट धाडलं नसेल, तर त्यांचं मन फिरलं. पोचला नसेल, तर ते समजतायत की मीच नको म्हटलं. दोन्हीकडून माझंच मरण. पत्र लिहावं तर काय लिहू, माझा नारळ मिळाला का? आणि तिकडं माणूस पाठवून विचारायची तर सोयच नव्हती. मामा म्हणाले, पोरीकडनं माणूस विचारायला गेला की नारळाचा मान गेला.

एके सकाळी मी खोलीत डोळे पुसत बसले होते तेव्हा मामा दारात आले. म्हणाले, ‘बाई, रडून वाट दिसत न्हाई. अडलंय कुटं, ते बगू आदी.’

त्यांनी गुळाचा खडा घेतला, फडक्यात बांधला, शेपूट लावलं आणि दूधवाल्याला दिला. निरोप असा, की हा तुझ्यापर्यंतच. गूळ तू खा, खूण बांध, शेपूट फिरव. संध्याकाळी काडी बांधलेलं शेपूट परत. दुसऱ्या दिवशी दुसरा खडा. हा कंडक्टरपर्यंत. तिकीट ओवून शेपूट परत. तिसरा खडा टपरीपर्यंत. ते शेपूट आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मामांनी मांडीवर थाप मारली. जिथनं शेपूट फिरत नाही तिथं अडलं.

माझी लेक हिंजवडीत कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिनं मला एकदा पडद्यावर दाखवलं होतं. आपण काही पाठवलं की त्याची बारीक बारीक पुडकी होतात आणि ती या यंत्राच्या हातून त्या यंत्राच्या हाती अशी जगभर जातात. कुठल्या वाटेनं गेली हे बघायचं असेल तर एक पुडकं पहिल्याच टप्प्यावर संपेल असं सोडायचं. तो टप्पा मागं कळवतो, माझ्याकडं आलं. मग दुसरं, दुसऱ्या टप्प्यापर्यंत पुरेल असं. मग तिसरं. जो टप्पा उत्तर देत नाही तिथं पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटतात. लेक मोठ्या तोऱ्यात सांगत होती. मी म्हटलं, बाई गं, हे आमच्या मामांनी गुळाच्या खड्यावर केलंय, आणि खडे लोकांनी खाल्लेसुद्धा. तिला वाटलं, आईचं काहीतरीच.

तर आमच्या चांदण्या पिरंगुटच्या फाट्यावर उमटल्या. खंडेनवमीला शाळा लवकर सुटली, तशी मी आणि मामा एसटीनं निघालो. दुसऱ्या दिवशी दसरा. वाटेत मी मनात टपरीवाल्याला काय काय बोलायचं ते घोकत होते. खडकीची सगळी शिदोरी बाहेर काढणार होते.

टपरीवर तो नव्हताच. त्याची आई होती. डोईवरनं पदर, कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. भट्टीला वारा घालत बसली होती. मागं पत्र्याला लागून फळीचा देव्हारा होता, आणि देव्हाऱ्यात माझा नारळ. हिरव्या खणात, झेंडूच्या फुलांत, समोर दिवा तेवतोय. शेजारी गुळाचा खडा, त्यालाही फूल. आणि दोन्हींची शेपटं फळीवरून खाली लोंबतायत. टपरीवाल्यासाठी घोकलेलं सगळं वाया गेलं.

मामांनी विचारलं, की हे इथं का? म्हातारी उभी राहिली. मामांना त्या वाटेवर कोण ओळखत नव्हतं?

‘ल्योक ट्रकवर लागला, सून बाळातपनाला म्हायेरी,’ ती म्हणाली. ‘हितं मी एकलीच. बाकीच्या पुडक्यांना मीच गाठ मारून धाडते. पर ह्यो नारळ आला, वर हळदकुकू. गाठ मारल्याबिगर म्होरं धाडायचं न्हाई ही तुमचीच शिकवन, आन माजा हात ह्यो असला. कुना लेकीच्या कुकवाला मी गाठ मारू व्हय? म्हनलं, सून येईल घट बसायला, तिच्या हातनं बांधंन. ती काय आली न्हाई.’

शेजारी एक सवाष्ण राहत होती, पण तिच्याशी कोंबडीवरून भांडण होतं आणि वर्षभर बोलणं नव्हतं. वाटेवरच्या परक्या बाईला हे कसं सांगायचं, म्हणून म्हातारी गप्प राहिली होती. नारळ जमिनीवर ठेवायचा नाही म्हणून देव्हाऱ्यात ठेवला, आणि देव्हाऱ्यात ठेवला म्हणून रोज दिवा लावला. गुळाच्या खड्यावरही कुंकू होतं. नवरात्रात गूळ कोरा कसा पाठवायचा म्हणून ते मामींनी मामांच्या नकळत लावलेलं. म्हणून खडाही देव्हाऱ्यात गेला होता.

मामा बाकड्यावर बसले. आपल्या नियमात प्रत्येक हात धरला होता त्यांनी, पण एखादा हात स्वतःला धरत नसेल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्यांना मान खाली घालून बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला ते बघवलं नाही. मग ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, एवढी एक गाठ ऱ्हाऊ द्या. कंडक्टरनं थेट कासाराच्या हातात दिलं, असं म्हनू.’

मामा शेपूट खोटं करायला निघाले होते! माझ्यासाठी. त्यांचंही खरं होतं. टपरीवर सध्या म्हातारी एकटीच आहे हे सगळ्या वाटेला ठाऊक होतं, आणि नेऱ्यात ठाऊक नसलं तर कासार सांगणारच. बायकांच्या मनगटाशी बसून तो दुसरं काय करतो? होकाराच्या नारळाला विधवेची गाठ, आणि तीसुद्धा दसऱ्याच्या तोंडावर. मारुंजीचं स्थळ थांबलेलंच होतं.

मला राग आला. कुणाचा, ते धड सांगता आलं नसतं. ही बाई महिनाभर माझ्या नारळापुढं दिवा लावते, माझ्या आईनंही घेतली नसती इतकी काळजी घेते, आणि हिचा हात चालत नाही? मी देव्हाऱ्यातून नारळ काढला आणि तिच्यापुढं धरला.

‘आजी, गाठ तुम्हीच मारायची,’ मी म्हटलं. ‘नाहीतर नारळ जायचा नाही.’

‘बाई, सोयरीक मोडंल,’ मामा म्हणाले.

‘मोडली तर कुठं मोडली ते तरी कळेल.’

मामांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून त्यांचंच बोलणं बाहेर पडलं होतं. म्हातारी ‘नगं गं माय’ म्हणत राहिली. मी नारळ धरून उभीच. शेवटी तिनं चहाचं वापरातलं फडकं बाजूला सारलं, पेटीतून कोरं काढलं, त्याची पट्टी फाडली आणि गाठ मारली. एकदा सुटली. पुन्हा मारली. मग तिनं आम्हाला चहा दिला आणि मामांनी साखर कुठून आली हे न विचारता गरम गरम पिऊन टाकला.

एवढं झालं तरी मामा ते मामाच. मी म्हटलं, उद्या दसरा आहे, तुम्हीच पुढं न्या. तर म्हणाले, पाठवणाऱ्यानं पोचवायला जाऊ नये, आता पाळी कासाराची. मी भांडले, चिडले, डोळ्यांत पाणी आणलं. ढिम्म. ऊन कलेपर्यंत आम्ही बाकड्यावर एकमेकांकडं पाठ करून बसलो. कासार आला, त्यानं चहा घेतला, म्हातारीची गाठ दोन बोटांनी उचलून बघितली, तिच्याखाली लाल दोरा बांधला आणि निघाला.

दसरा कसा गेला ते विचारू नका. पोरं घरी आपट्याची पानं द्यायला आली, मी सगळ्यांना ‘सोन्यासारखे राहा’ म्हणत होते आणि कान सायकलच्या घंटीकडं. पण तिसऱ्या दिवशी शेपूट आलं.

मामा ओट्यावर बसले. लोकर. निळा दोरा. काडी. तिकीट. कोरी चिंधी, तिथं ते जरा थांबले. लाल दोरा. आणि मग देठाशी घट्ट बांधलेलं आपट्याचं पान. मामी आतून साखर घेऊन धावल्या. मी भिंतीला टेकून रडले, हसले, काय काय केलं. मामा मात्र शेपूट खाली ठेवीनात. पानाच्या पुढं आणखी एक गाठ होती. निळसर, विटक्या लुगड्याची चिंधी.

‘पान पोराचं,’ ते म्हणाले. ‘ही कुनाची?’

काकूंची असेल, मी म्हटलं. काकू तर नव्या कोऱ्या नऊवारीत आल्या होत्या, मामांना ते पटेना. कासाराला गाठून विचारलं. तो म्हणाला, मी पुडकं मास्तरांच्या हातात दिलं, घरातल्या बायकांना फाट्यावरची सगळी हकिगत सांगितली, आणि निघालो. पुढं कुणाचा हात लागला ते मला ठाऊक नाही. झालं. लग्नाची तारीख निघाली, खडकीला शेवया वळल्या गेल्या, तरी मामा काही ‘पोचलं’ म्हणेनात. एक हात कळला नाही, म्हणजे अजून वाटेतच आहे. मामी म्हणाल्या, ‘पोरीला नातवंडं हुत्याल तरी हे म्हनायचे न्हाईत.’

लग्न नेऱ्यालाच झालं, त्यांच्या दारात. अक्षता पडल्या, जेवणं उठायला लागली, आणि मला घरात घ्यायची वेळ आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं. काकू ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. मी पाय उचलणार, तेवढ्यात गर्दीतून मामा पुढं आले आणि बंडीच्या खिशातून ते शेपूट काढलं.

‘वाईच थांबा,’ म्हणाले. ‘ही चिंधी कुनाची?’

लोक हसायला लागले. काका म्हणाले, मामा, आता ही काय वेळ आहे? माझे वडील जमिनीत गेल्यासारखे झाले. मामा शेपूट वर धरून उभेच. आणि आतून, स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला.

‘माजी हाय.’

माझ्या सासूबाई. सकाळपासून मला त्या दिसल्या नव्हत्या. निळं लुगडं, डोईवरनं पदर, दाराला धरून अंग चोरून उभ्या होत्या.

‘कासारानं सांगितलं, फाट्यावरच्या बाईनं गाठ मारली,’ त्या म्हणाल्या. ‘म्हनलं, तिची चालली, तर माजी बी चालंल.’

मामांनी ती चिंधी चाचपली, लुगड्याकडं बघितलं.

‘मग तितं का उभ्या?’ ते म्हणाले. ‘शेवटचा हात तुमचा. नारळ तुमच्या हातात पडला, आन पोरगी दुसऱ्याच्या हातात व्हय?’

मग माझा नवरा पुढं झाला, आत गेला आणि आईचं मनगट धरून तिला उंबऱ्यापाशी घेऊन आला. काकू जरा घुटमळल्या. काकांकडं बघितलं त्यांनी, आणि मग ताट सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते एकदा काकूंकडं परत सारलं, मग दोन्ही हातांनी धरलं. मला फाट्यावरची गाठ आठवली. सासूबाईंनी मला ओवाळलं. मी माप ओलांडलं.

मामांनी शेपूट गुंडाळून खिशात घातलं, ‘पोचलं’ म्हणाले आणि शेवटची पंगत कुठं बसलीय ते विचारत मांडवात निघून गेले.